कालगणनेचा हिशेबनीस : शंकर बाळकृष्ण दीक्षित

तारखेशिवाय व्यवहार नाही, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकवले जाते. व्हाउचर कितीही खरे असो, त्यावर तारीख नसेल तर ते कोणत्या वर्षाच्या खात्यात घालावे हे कळत नाही; आणि तारीख असूनही ती कोणत्या सालगणनेची आहे हे ठाऊक नसेल तर तिचा उपयोग तेवढाच. आपल्या देशाच्या इतिहासाची अशी स्थिती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी होती. शिलालेख आणि ताम्रपट शेकड्यांनी सापडत होते. त्यांत वर्षांचे आकडे होते, महिने होते, तिथी होत्या. पण ते आकडे कोठून मोजायचे याविषयी विद्वानांत एकमत नव्हते. व्हाउचरांचा ढीग होता, वही मात्र लागत नव्हती.

ही वही लावण्याच्या कामात ज्या थोड्या माणसांचा मोठा वाटा आहे, त्यांत एक मराठी शाळामास्तर होते. त्यांच्याजवळ वेधशाळा नव्हती, दुर्बीण नव्हती, विद्यापीठाची पदवीही नव्हती. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे त्यांचे नाव. त्यांच्या भारतीय ज्योतिःशास्त्र या ग्रंथाचे नाव बहुतेकांच्या कानावरून गेलेले असते. ग्रंथ उघडून पाहणारे थोडे. मला त्यांच्या चरित्रात विशेष वाटते ती गोष्ट वेगळी आहे. बार्शी आणि धुळे यांसारख्या गावांत नोकरी करीत असता, टपालाच्या आधारावर त्यांनी ग्वाल्हेरपासून लंडनपर्यंतच्या अभ्यासकांशी बरोबरीच्या नात्याने काम केले. हा लेख मुख्यतः त्याविषयी आहे.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात मुरुड या गावी झाला. समुद्रकाठचे, नारळीपोफळीच्या बागांचे हे गाव. गावच्या मराठी शाळेत त्यांचे शिक्षण झाले. त्याबरोबर थोडे संस्कृत आणि वेदाध्ययनही घडले. पुढे दापोलीच्या कोर्टात त्यांनी उमेदवारी केली. त्या काळच्या हुशार पण गरीब मुलाला कारकुनी हाच राजमार्ग दिसे. तथापि १८७० साली ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले आणि आयुष्याला वळण मिळाले. तेथील तीन वर्षांचा क्रम त्यांनी उत्तम रीतीने पुरा केला. ट्रेनिंग कॉलेजात शिक्षण मराठीतून होते. इंग्रजीचा अभ्यास त्यांनी स्वतंत्रपणे, फावल्या वेळी केला आणि मॅट्रिकची परीक्षा दिली. त्यांचे औपचारिक शिक्षण येथे संपले.

पुढची चोवीस वर्षे शाळाखात्यातील नोकरीची. रेवदंड्याच्या मराठी शाळेत सहा वर्षे, मग ठाण्यास, १८८२ पासून बार्शीच्या इंग्रजी शाळेत, १८८९ पासून धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये, आणि १८९४ पासून अखेरपर्यंत पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात. ज्या संस्थेत विद्यार्थी म्हणून आले तेथेच शिक्षक म्हणून ते परतले. मधल्या काळात त्यांनी मुलांसाठी पुस्तके लिहिली. त्यांचे ज्योतिर्विलास हे पुस्तक तर रात्री अंगणात बसून आकाश पाहणाऱ्या कोणाही माणसासाठी आहे. त्याला त्यांनी रात्रीची दोन घटका मौज असे जोडनाव दिले. शास्त्र ही मौजेची वस्तू आहे, असे ज्याला मनापासून वाटते तोच असे नाव देऊ शकतो.

ज्योतिषाकडे ते गंभीरपणे वळले ते एका वादामुळे, आणि तो वाद थोडा समजून घेतल्याशिवाय त्यांचे पुढचे काम कळणार नाही. आपल्या जुन्या सिद्धांतग्रंथांत वर्षाचे मान खऱ्या ऋतुवर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी जास्त आहे. चोवीस मिनिटे म्हणजे काही नाही असे वाटते. पण ज्याने चक्रवाढ व्याजाचे गणित केले आहे त्याला लहान आकड्यांची भीती ठाऊक असते. दरवर्षीची २४ मिनिटे ६० वर्षांत एक दिवस होतात आणि दीड हजार वर्षांत सुमारे २५ दिवस. म्हणूनच सूर्याचे उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते आणि आपली मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास येते. ही तफावत काढून टाकून पंचांग ऋतूंशी जुळवावे, असे म्हणणारे ते सायनवादी; आणि नक्षत्रांशी बांधलेली जुनी पद्धतीच चालू ठेवावी, फक्त गणित सुधारावे, असे म्हणणारे ते निरयनवादी. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात या प्रश्नावर मराठी वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे पत्रे आणि प्रत्युत्तरे छापून येत असत.

सायनपक्षाचे पुढारी विसाजी रघुनाथ लेले. ते नोकरीनिमित्त ग्वाल्हेरास असत. दुसरे जनार्दन बाळाजी मोडक, ते ठाण्याचे. दीक्षित ठाण्यास असताना त्यांचा या मंडळींशी संबंध आला आणि तिघांच्या खटपटीने सायन पंचांग निघू लागले. एक माणूस ग्वाल्हेरीस, एक ठाण्यास, आणि तिसरा बदली होऊन बार्शीस. तिघांनी मिळून दरसालचे पंचांग करायचे, त्यातील प्रत्येक आकडा ताडून पाहायचा आणि तेही संक्रांतीच्या, ग्रहणांच्या वेळा चुकू न देता! हे काम पत्रांवाचून होण्यासारखे नव्हते. १८७९ साली हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले होते. शाळामास्तराच्या पगारातून परवडेल असे विद्यापीठ त्या पाव आण्यात सामावले होते, असे म्हणावयास हरकत नाही. बार्शीला तेव्हा आगगाडीही नव्हती. बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली ती १८९७ साली, दीक्षित बार्शी सोडून गेल्यावर.

याच बार्शीच्या काळात त्यांचा संबंध जॉन फेथफुल फ्लीट यांच्याशी आला. फ्लीट हे मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी. दक्षिण विभागाचे शिक्षणाधिकारी आणि कोल्हापूर व दक्षिण मराठा मुलुखाचे साहाय्यक पोलिटिकल एजंट म्हणून त्यांनी आपल्याच या भागात काम केले. आमच्या अंकाच्या कन्नड विभागातील वाचकांना त्यांचे नाव अधिक जवळचे वाटेल. कारण कर्नाटकातील राजघराण्यांचा इतिहास त्यांनी शिलालेखांवरून लिहिला आणि संगोळ्ळी रायण्णासारख्या वीरांवरील कन्नड लावण्याही मिळवून प्रसिद्ध केल्या. १८८३ साली हिंदुस्थान सरकारने त्यांना शिलालेखांच्या कामावर नेमले आणि गुप्त राजांचे व त्यांच्या काळचे सर्व लेख एका ग्रंथात आणण्याचे काम त्यांच्याकडे दिले.

येथे अडचण उभी राहिली. गुप्तांच्या लेखांत त्यांच्या स्वतःच्या संवताची वर्षे आहेत. हा गुप्त संवत कधी सुरू झाला? कोणी म्हणत तो शकच होय, म्हणजे इ. स. ७८ च्या सुमाराचा. जनरल कनिंगहॅम इ. स. १६६ च्या सुमारास सुरुवात मानत. आणखी कोणी इ. स. १९० धरीत. अल्बेरुनी या प्रवासी पंडिताने मात्र अकराव्या शतकात लिहून ठेवले होते की गुप्तकाल शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो, म्हणजे इ. स. ३१९ मध्ये. समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, कुमारगुप्त यांचा सगळा काळ या एका आकड्यावर अवलंबून होता. सुरुवातीची शिल्लक चुकली की पुढची प्रत्येक बेरीज चुकते, तसाच हा प्रकार. एका मतापासून दुसऱ्या मतापर्यंतचा फरक अडीचशे वर्षांपर्यंत जात होता.

मते मोजून हा प्रश्न सुटणारा नव्हता. गणिताने सुटणारा होता. फ्लीट यांना लेख वाचता येत होते. त्यांतील तिथी कोणत्या वारी पडली असेल, हे हिंदू पद्धतीने बिनचूक काढून देणारा माणूस त्यांना हवा होता. तो बार्शीच्या शाळेत सापडला. लेखातील वर्ष, महिना, पक्ष, तिथी आणि असल्यास वार व नक्षत्र हा एका बाजूचा मजकूर. आणि कागदभर आकडेमोडीनंतर आलेली इंग्रजी तारीख हे दुसऱ्या बाजूचे उत्तर. ही देवघेव वर्षानुवर्षे चालली.

या गणिताचा नमुना म्हणून एरणचा स्तंभलेख घेऊ. एरण हे गाव आजच्या मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात आहे. तेथे बुधगुप्ताच्या राज्यात उभारलेल्या स्तंभावर संवत्सर १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा काळ दिला आहे. वार सांगणाऱ्या अगदी जुन्या भारतीय लेखांपैकी हा एक. तिथी चंद्रावर चालते, वार सात दिवसांच्या फेऱ्यावर चालतो; दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणूनच वार हा तिथीचा साक्षीदार ठरतो. संवताची सुरुवात चुकीची धरली तर त्या वर्षाच्या आषाढ शुद्ध द्वादशीला दुसराच कोणता तरी वार येण्याचा संभव फार. १६५ मध्ये ३१९ मिळवले की ४८४ येतात. इ. स. ४८४ ची आषाढ शुद्ध द्वादशी दीक्षितांनी काढली, ती आली २१ जून, आणि वार गुरुवार.

हे गणित त्यांनी केरो लक्ष्मण छत्रे यांच्या ग्रहसाधनाची कोष्टके या मराठी पुस्तकाच्या साहाय्याने केले. छत्रे हे पुण्याचे गणिताचे नामांकित प्राध्यापक, टिळकांचे गुरू. युरोपातील नव्या गणितावरून त्यांनी ही कोष्टके १८६० साली मराठीत आणली. त्या मराठी कोष्टकांवरून केलेले गणित आज एका जगन्मान्य इंग्रजी ग्रंथाच्या पायात आहे, ही गोष्ट मराठी माध्यमातून शिकलेल्या माझ्यासारख्याला सुखावणारी आहे, हे कबूल केले पाहिजे.

परंतु एक वार जुळला एवढ्याने दीक्षितांचे समाधान होण्यासारखे नव्हते, आणि ते योग्यच होते. वार सातच आहेत. चुकीचे वर्षही सातांत एकदा योगायोगाने जुळून जाईल. हिशेब तपासनीस एका पावतीवरून खाते मंजूर करीत नाही. दुसरा, स्वतंत्र पुरावा हवा. तो मिळाला गुरू या ग्रहाकडून. मध्य भारतात परिव्राजक नावाच्या राजांचे ताम्रपट सापडले होते. त्यांत गुप्त वर्षाबरोबर महावैशाख, महाचैत्र, महाश्वयुज अशी संवत्सरांची नावे आहेत. गुरूला आकाशाची एक फेरी करायला सुमारे बारा वर्षे लागतात. तो सूर्याच्या तेजातून बाहेर पडून पहाटे पुन्हा दिसू लागतो तेव्हा ज्या नक्षत्रात असेल त्यावरून त्या वर्षाला नाव मिळते. ही पद्धत व्यवहारातून नाहीशी झाली होती. दीक्षितांनी जुन्या ग्रंथांतून ती शोधून काढली, तिचे नियम लावले, आणि हस्तिन् राजाच्या १५६ व १९१ या वर्षांचे आणि संक्षोभाच्या २०९ या वर्षाचे गणित करून पाहिले. १५६ ला महावैशाख, १९१ ला महाचैत्र, २०९ ला महाश्वयुज. संवताची सुरुवात इ. स. ३१९-२० धरली की गुरू नेमका त्या त्या जागी सापडतो. माणसे चुकीची तारीख लिहितील. गुरू लिहिणार नाही.

फ्लीट यांचा गुप्त लेखांचा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध झाला. त्यात गुरूच्या द्वादशवर्षी चक्राविषयीचे आणि तिथीवरून वार व इंग्रजी तारीख काढण्याच्या रीतीविषयीचे दीक्षितांचे लेखन परिशिष्ट म्हणून त्यांच्या नावाने छापले आहे. सरकारी अधिकाऱ्याने हाताखालच्या माणसाकडून काम करून घ्यावे आणि आभाराच्या एका ओळीत त्याची बोळवण करावी, हा जगाचा रिवाज. तो येथे मोडला गेला. गुप्त संवताची सुरुवात इ. स. ३१९-२० ही आज सर्वमान्य आहे.

या साऱ्याचे महत्त्व मला पुस्तकात वाचून जेवढे कळले नव्हते तेवढे धार जिल्ह्यातील बाग येथे कळले. माझे एक नातेवाईक त्या बाजूला असतात. त्यांच्याकडे गेलो असता बागची लेणी पाहिली. हे गाव हल्ली बाग प्रिंटच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. पण बाघिनी नदीच्या काठी डोंगरात कोरलेले बौद्ध विहार हे त्याचे खरे वैभव. अजिंठ्याच्या तोडीची तेथील चित्रे उरली ती बहुतांशी ग्वाल्हेरच्या संग्रहालयात आहेत. १९२९ साली तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात माहिष्मतीच्या सुबंधु राजाचा ताम्रपट सापडला. विहारातील पूजा, भिक्षूंचे अन्नवस्त्र आणि मोडक्या भागांची दुरुस्ती यांसाठी एक गाव दान दिल्याचा तो लेख. आमच्या भाषेत सांगायचे तर विश्वस्त निधीचा दस्तऐवजच! पण त्यातील काळाचा भाग तुटलेला आहे. त्याच सुबंधूचा दुसरा ताम्रपट बडवाणी येथे मिळाला. त्यात वर्ष १६७ दिले आहे. आता हे १६७ कोणत्या संवताचे? गुप्तांचे धरले तर इ. स. ४८६ येते. कलचुरी संवत, जो इ. स. २४८-४९ मध्ये सुरू होतो, तो धरला तर इ. स. ४१६ च्या आसपास. सत्तर वर्षांचा फरक. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरी संवताचा पक्ष घेतला. पुढे १९८२ साली बागजवळच २७ ताम्रपटांचा साठा एकदम सापडला. १९९० साली तो संपादून प्रसिद्ध करणाऱ्या विद्वानांनी त्यांतील वर्षे गुप्त संवताची मानली. असा हा वाद.

बडवाणीच्या लेखात तिथी आहे, पण एरणसारखा वार नाही. साक्षीदारच नाही, म्हणून निकाल होत नाही. दगडात कोरलेला एक लहानसा शब्द, गुरुवार, किती मोलाचा असतो हे बागच्या त्या थंडगार लेण्यात उभे राहिल्यावर ध्यानात येते.

आणखी एक गोष्ट तेथेच उमगली. आपल्याकडे गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला येते. माळव्यात तोच दिवस भाद्रपद कृष्ण अष्टमी असतो. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. आपले वर्ष पाडव्याला उजाडते, गुजरातचे दिवाळीनंतर. काही लेखांत चालू वर्ष लिहितात, काहींत संपलेले. बँकेचे वर्ष, सरकारचे वर्ष आणि व्यापाऱ्याच्या वहीपूजनाचे वर्ष यांत आज आपण जसे गोंधळतो तसाच हा प्रकार. जुन्या लेखाची तारीख काढणाऱ्याला हे सर्व पर्याय एकेक करून तपासावे लागतात. दीक्षितांनी हे काम एका लेखासाठी केले नाही, शेकडो लेखांसाठी केले.

असे प्रत्येक वेळी कागदभर गणित करण्यापेक्षा एकदाच सर्व वर्षांची कोष्टके करून ठेवावीत, ही कल्पना पुढच्या मोठ्या कामाच्या मुळाशी आहे. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी रॉबर्ट सेवेल हे अशा कोष्टकांच्या उद्योगात होते. दीक्षितांशी त्यांचे सहकार्य सुरू झाले आणि दोघांच्या नावाने हिंदू व मुसलमानी कालगणनेचा ग्रंथ १८९६ साली लंडनमध्ये छापून निघाला. इ. स. ३०० पासून १९०० पर्यंत सोळाशे वर्षांपैकी प्रत्येक वर्षाची सुरुवात कोणत्या दिवशी, अधिकमास कोणता, क्षयमास आहे की नाही, हे त्यात तयार मिळते. हिंदुस्थानात दिसलेल्या ग्रहणांची कोष्टके व्हिएन्नाच्या डॉ. रॉबर्ट श्राम यांनी जोडून दिली. दीक्षित त्या वेळी आधी धुळ्यास आणि मग पुण्यास. पत्र बोटीने जायचे, उत्तर बोटीने यायचे. आकड्यांच्या ग्रंथात एक अंक चुकला तर पान वाया. अशा स्थितीत एवढे अंतर ठेवून हे काम बिनचूक पार पडावे, याचे आश्चर्य वाटते.

या ग्रंथाचा उद्देश केवळ इतिहाससंशोधनाचा नव्हता. कोर्टात जमिनीच्या हक्कासाठी जुने कागद दाखल होत, आणि त्यांत बनावट कागदांची संख्या मोठी असे. तिथी, वार आणि संवत्सर यांचा मेळ बसत नसेल तर कागद संशयास्पद ठरतो. न्यायाधीशाला आणि कचेरीला ही तपासणी करता यावी, हाही ग्रंथाचा एक हेतू होता. पंचांग म्हणजे केवळ मुहूर्त पाहण्याचे साधन, असे समजणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पंचांग हे पुराव्याचे साधन आहे.

दीक्षितांच्या काळी ज्योतिषाचा अभ्यास करणारी मंडळी देशभर विखुरलेली होती. काशीस बापूदेवशास्त्री, मद्रासेस चिंतामणि रघुनाथाचार्य, पुण्यास छत्रे आणि टिळक. आपल्या बागलकोटच्या शाळेत व्यंकटेश बापूजी केतकर होते. नरगुंदास जन्मलेले, कन्नड मुलुखात शिक्षकी करणारे आणि संस्कृत-मराठीत ज्योतिषाचे ग्रंथ रचणारे केतकर हे आपल्या द्विभाषी भागाचे भूषण. दीक्षित सायनवादी, केतकर निरयन पंचांग सुधारणारे. तरीही या सर्वांच्या कार्याची नोंद दीक्षितांनी आपल्या ग्रंथात घेतली आहे. ज्यांच्याशी मतभेद, त्यांच्याही ग्रंथांतील गुण सांगायचे आणि दोष असेल तेथे आकडा देऊन दाखवायचा, अशी त्यांची रीत.

टिळकांचा ओरायन १८९३ साली प्रसिद्ध झाला आणि वेदांच्या काळाचा प्रश्न ऐरणीवर आला. दीक्षितांनीही त्यावर स्वतंत्र विचार केला होता. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असे विधान आहे. आज कृत्तिका बरोबर पूर्वेस उगवत नाहीत, त्या उत्तरेकडे सरकून उगवतात. त्या नेमक्या पूर्वेस उगवत असतील असा काळ दीक्षितांनी काढला, तो इसवी सनापूर्वी ३००० वर्षांच्या सुमाराचा आला. हा लेख १८९५ साली इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात आला. त्यांचा हा निष्कर्ष सर्वांना मान्य नाही. ते वाक्य इतक्या काटेकोर अर्थाने घ्यावे काय, असा आक्षेप आहे. भारतीय गणितज्योतिषावर ग्रीकांचा प्रभाव किती, याविषयीही पुढच्या संशोधकांनी त्यांच्याहून वेगळी मते मांडली आहेत. परंतु त्यांचे गणित कोणालाही पुन्हा करून पाहता येते, आणि वाद होतो तो त्या पायावर उभे राहूनच होतो.

आता त्यांच्या मुख्य ग्रंथाविषयी. दक्षिणा प्राइज कमिटीने आपल्या पंचांगाचा इतिहास मराठीत लिहिण्यास ४५० रुपयांचे बक्षीस ठेवले होते. दीक्षितांनी लेखणी हाती घेतली ती त्यासाठी. बक्षीस मिळाले, पण ग्रंथ तोपर्यंत बक्षिसाच्या मापाबाहेर वाढला होता. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतच्या ज्योतिषाचा तो समग्र इतिहास झाला आणि १८९६ साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यात छापला गेला. म्हणजे लंडनचा इंग्रजी ग्रंथ आणि पुण्याचा मराठी ग्रंथ एकाच वर्षी. एकाच माणसाच्या टेबलावर दोन्हींची मुद्रिते असतील आणि सकाळी अकराला शाळेची घंटाही असेल!

येथे मला थांबून विचार करावासा वाटतो. इंग्रजीत लिहिण्याची ताकद त्यांच्याजवळ होती. इंग्रजीत त्यांचे नावही झाले होते. हाच ग्रंथ इंग्रजीत लिहिला असता तर युरोपात त्याचा गाजावाजा ताबडतोब झाला असता. त्यांनी तो मराठीत लिहिला. परिणाम काय झाला? मराठी न जाणणाऱ्या विद्वानांना दीर्घकाळ वाट पाहावी लागली. हिंदी भाषांतर १९५७ साली झाले, शिवनाथ झारखंडी यांनी केले. इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग १९६९ साली आणि दुसरा १९८१ साली भारत सरकारतर्फे निघाला. ते केले उज्जैनच्या प्रा. र. वि. वैद्य यांनी. मूळ ग्रंथानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी! हे नुकसान कोणाचे? मराठीत लिहिणाऱ्याचे, की मराठी न वाचणाऱ्याचे? आमच्या वर्गात मराठी माध्यमातून आलेली आणि कन्नड माध्यमातून आलेली मुले आहेत. पाठ्यपुस्तके इंग्रजी आहेत, आणि आपल्या भाषेत फक्त गप्पा मारायच्या, अभ्यास नव्हे, असा समज हळूहळू पक्का होत जातो. दीक्षितांनी हा समज मानला नाही. बाहेरच्या जगाशी पत्रव्यवहार इंग्रजीत, घरच्या माणसांसाठी ग्रंथ मराठीत, आणि आकडे दोन्हीकडे तेच. त्यात त्यांनी उच्चनीच केले नाही.

हे दोन ग्रंथ छापून झाल्यावर त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. एप्रिल १८९८ मध्ये ते वारले. वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. भारतीय भूवर्णन हे त्यांचे पुस्तक त्यांच्या मागून प्रसिद्ध झाले.

ज्या वादात त्यांनी उमेदीची वर्षे घातली त्याचे पुढे काय झाले, हे सांगून लेख पुरा करतो. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ या दिवशी, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती ऋतूंशी बांधलेली, म्हणजे सायन आहे. लेले, मोडक आणि दीक्षित यांच्या पक्षाची. सणवारांसाठी मात्र निरयन पद्धत राहिली, आणि तीत चित्रा नक्षत्रावरून अयनांश धरले गेले. केतकरांच्या पक्षाच्या बाजूने. दोन्ही खात्यांत थोडी थोडी जमा झाली.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे राष्ट्रीय शक दिनांक घातलेला धनादेशही वटतो. तो तसा लिहिणारे क्वचितच भेटतात. आमच्या बँकिंगच्या तासाला हा नियम एका ओळीत संपतो. त्या ओळीच्या मागे ग्वाल्हेर, ठाणे आणि बार्शी यांच्यामधून गेलेली पाव आण्याची किती कार्डे आहेत, हे आता मला ठाऊक झाले आहे.

वाणिज्य शाखा, द्वितीय वर्ष